अधिकातली कुस्ती

अन्याय झाला तो आमच्या गावच्या कुंभारावर. कधी झाला तेही आधीच सांगतो, म्हणजे मागाहून कुणी 'नीट आठवत न्हाई' म्हणायला नको. अधिक श्रावणातल्या शुद्ध पंचमीला, बाजाराच्या दिवशी, महादेवाच्या देवळाची सावली आखाड्याच्या दोरीला टेकली तेव्हा. त्या घटकेला त्याने पाटलांच्या भाच्याला चीत केलं. यात अन्याय कुठला, असं विचाराल. अन्याय असा, की तसं काही घडलंच नाही असं पुढे गावाने ठरवलं.

आमचं गाव सिरसाळ्यापासून दोन कोसांवर. गावात दवाखाना नाही. शाळा आहे, पण तिच्यात शिकवतात ती भाषा घरी कुणाला कळत नाही. इतिहास मात्र भरपूर आहे आणि तो लाल फडक्यात बांधून पाटलांच्या माडीवर ठेवलेला आहे. त्याला पंचमीचं बाड म्हणतात. नागपंचमीला आमच्याकडे कुस्त्या होतात. त्या दिवशी आखाड्यात जे काही मोठं घडलं ते एका ओळीत बाडात लिहायचं, आणि पुढल्या पंचमीला पहिली जोड लागण्याआधी साऱ्या ओळी अगदी पहिलीपासून मोठ्याने वाचायच्या, अशी चाल आहे. वाचताना ज्याचं नाव येतं तो, किंवा तो नसेल तर त्याचा मुलगा, उठतो, आखाड्यातली माती कपाळाला लावतो आणि दोरीच्या आत जाऊन बसतो. बाकीचं गाव दोरीच्या बाहेर. आमच्याकडे माणसाची किंमत कळायला फार लांब जावं लागत नाही. दोरी कुठे आहे ते पाहायचं.

मोठं म्हणजे काय, यावर बाडाने फारसा विचार केलेला नाही. पहिल्याच पानावर एक ओळ आहे: 'या साली दोन्ही पैलवान दिवसभर लढले, कोणीही पडले नाही, सबब दोघांस विजयी केले.' ठीक आहे. पुढे: 'या साली तालुक्याहून स्वारी आली व खूष होऊन परत गेली.' स्वारीने कुणाशी कुस्ती केली, ते लिहिलेलं नाही. त्याच्याही पुढे, मी स्वतः वाचलेली ओळ आहे, 'या साली पाटलांच्या खिल्लारी बैलाने दावे तोडून आखाड्यात येऊन एका पैलवानास पाडले.' ही ओळ आली की आजही पाटलांच्या घरातलं कुणीतरी उठतं, बैलाच्या वतीने माती कपाळाला लावतं आणि आत बसतं. बैल बाडात आहे. ज्याला त्याने पाडलं तोही, पडणारा म्हणून का होईना, आहे. कुंभार नाही.

आता कुंभाराचं सांगतो. आखाड्याची माती त्याच्या हातची असे, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाच्या. आमच्याकडची जमीन काळी, चिकट. तिच्यात कुस्ती केली तर माणूस निघेल पण लंगोट निघणार नाही. म्हणून डोंगराच्या कडेची तांबडी माती गाढवांवरून आणायची, दोनदा चाळायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून आठ दिवस पायांनी मळायची. पंचमीच्या दिवशी जमीन खणत नाहीत, म्हणून हे सारं आदल्या दिवसापर्यंत उरकायचं. पंचमीला सकाळी तो शेवटचा हात फिरवी, आणि बाड वाचायला घेतलं की दोरीखालून वाकून बाहेर येई. आठ दिवस जिच्यात तो गुडघ्यापर्यंत असे, तिला बाड वाचल्यावर पाय लावायची त्याला मुभा नसे. हे कुणाला खटकत नसे. मलाही खटकत नसे. मी त्या दिवसांत मोठमोठ्या अन्यायांवर पत्रकं लिहीत होतो. इतक्या जवळचं मला दिसत नव्हतं.

त्या साली श्रावण दोन होते. आधी अधिक, मग निज. नागपंचमी निज श्रावणातली, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही सांगावं लागत नाही. पण त्या दिवसांत चार माणसं एका जागी जमायची तर सरकारची इजाजत लागे. (लग्नाला लागत नसे. लग्नात कुणाला काही बोलायला सवड नसते, असं सरकारचं मत असावं.) कुस्त्यांच्या इजाजतीचा अर्ज गावात बरं अक्षर असलेल्या एकाच माणसाने लिहिला. तो मी. मी लिहिलं, 'श्रावण शुद्ध पंचमीस कुस्त्या होतात, तरी परवानगी व्हावी.' कोणता श्रावण, ते लिहायचं राहिलं. तहसीलच्या पेशकाराने पंचांग उघडलं, पहिला श्रावण दिसला त्यातली पंचमी धरली, तिच्यासमोरची सरकारी सालातल्या शहरेवर महिन्याची तारीख काढली आणि उर्दूत हुकूम दिला, की त्या तारखेला सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कुस्त्या कराव्यात. कराव्यात. म्हणजे न करणं हा बहुधा गुन्हा झाला असता.

चावडीत हुकूम वाचल्यावर पाटलांनी माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, तुला दोन श्रावण हायत हे ठाऊक न्हवतं?"

"ठाऊक होतं, पाटील."

"मंग लिवलं कावून न्हाई?"

"तहसीलदारांनाही ठाऊक असेल असं वाटलं."

"त्यांला आपला एक श्रावण समजंना, अन् तू दोनाची आशा धरली व्हय."

अर्ज पुन्हा करायचा तर महिना जाणार आणि महिन्याने पेशकार काय लिहील कोण जाणे. म्हणून ठरलं, हुकमाच्या तारखेलाच कुस्त्या करून टाकायच्या. हे ठरवलं पाटलांनीच. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मग ती पंचमी आली, जी पंचमी होती आणि नव्हतीही. बायकांनी झोके बांधले नाहीत. घरोघर तवे चुलीवर होते, विळ्या चालू होत्या. कुंभाराने सकाळी चाक फिरवलं, चार डेरे उतरवले आणि कोपरापर्यंत चिखलाचे हात घेऊन आखाड्यावर आला. नामांकित पैलवान आलेच नाहीत. त्यांच्या वस्तादांनी त्यांना खऱ्या पंचमीसाठी राखून ठेवलं होतं. प्रेक्षक मात्र कधी नव्हे इतके, कारण बाजार करून परतणारी माणसं वाटेवर थांबली. सिरसाळ्याची होती, तेलगावची होती. तलवाड्याचा एक घोंगड्यांचा व्यापारी तर माल खाली ठेवून त्याच्यावरच बसला होता.

पाटलांचा भाचा ओळीने तीन पंचम्या शेवटची कुस्ती मारत आला होता. चांगला पैलवान, त्यात माझं खोटं नाही. तो आखाड्यात उतरला, शड्डू ठोकला आणि फेरी मारली. चाल अशी, की तीन फेऱ्या मारूनही कुणी आलं नाही तर कुस्ती न करताच त्याची. पहिल्या फेरीला कुणी नाही. दुसरीला नाही. तिसऱ्या फेरीला तो कडेशी आला आणि बाहेर उभ्या असलेल्या कुंभाराला, गंमत म्हणून, वाकून म्हणाला, "माती जरा सैल झाली बे. पाय घसरतोय."

कुंभार म्हणाला, "माती न्हाई जी. पाय."

लोक हसले. भाच्याने मान तिरकी केली. "लई कळतं तुला पायाचं. ये की मंग आत."

कुंभाराने धोतराचा काचा मारला आणि दोरीखालून आत गेला. ज्या दोरीखालून तो दर साली बाहेर येत असे, तिच्याखालून. कुणी अडवलं नाही. अडवणार कशाला? थोडी करमणूक होईल, असंच सगळ्यांना वाटलं. पाटलांना तर सगळ्यात जास्त. त्यांनी पान लावायला घेतलं.

कुस्ती किती चालली, तर ते पान लागेपर्यंत. भाच्याने दोनदा त्याला रेटलं. दोन्ही वेळा वाटलं आपण गोठ्याच्या खांबाशी झुंजतोय, असं त्यानेच मला नंतर सांगितलं. वर्षानुवर्षं माती मळणारे पाय होते ते, मातीत कुठे टेकायचं आणि कुठे नाही ते त्यांना माहीत होतं. तिसऱ्या वेळी भाचा अंगावर आला तसा कुंभार खाली गेला, पट काढला आणि त्याला आभाळ दाखवलं. दोन्ही खांदे मातीला. पंचाने शिट्टी तोंडात धरली होती, ती वाजवायची की नाही हे विचारायला त्याने पाटलांकडे पाहिलं. पाटलांच्या हातात पान तसंच. शिट्टी वाजवली ती शेवटी तलवाड्याच्या व्यापाऱ्याने, दोन बोटं तोंडात घालून. लोकांनी कुंभाराला खांद्यावर घेतलं. मीही एक खांदा दिला. माझ्या सदऱ्यावर हळद लागली ती अजून गेलेली नाही.

चौथ्या दिवशी चावडीत बाड आणलं. पटवाऱ्याचे हात कापतात म्हणून लिहायला मी. कुंभार दारात बसला होता. अंगात धुतलेली बंडी. त्याला एवढंच हवं होतं, की ओळीत त्याचं नाव पडावं आणि पुढल्या पंचमीला ते वाचलं की त्याने आपल्याच मातीचा टिळा लावून आत बसावं. बक्षिसाचा नारळही त्याने मागितला नव्हता.

पाटील म्हणाले, "लिही. या साली कुस्ती झाली नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, "पाटील, झाली ना?"

"अधिक महिना हुता. अधिकात शुभकार्य धरत न्हाईत. पंचमीच न्हवती, तर पंचमीची कुस्ती कुठली?"

दारातून कुंभार म्हणाला, "म्या पाडलं त्ये सगळ्यांनी बगितलं जी."

"पाडलं असशील. आमी कुठं न्हाई म्हंतो? पर ते बाडाच्या कामाचं न्हाई."

यावर मी हुशारी केली. बाड मागे उलगडून पटकीच्या सालातली ओळ काढली. त्या साली गाव माळावर झोपड्या करून राहिलं होतं, आणि ओळ म्हणते, 'या साली रोगामुळे पंचमीची कुस्ती दसऱ्यास झाली.' आणि पुढे विजयी पैलवानाचं नाव. मी म्हणालो, "दसऱ्याची कुस्ती पंचमीची धरली, मग पंचमीची का नाही?"

पाटलांनी ओळीवर बोट ठेवलं, नाव वाचलं आणि बोट उचललं. "ती आमच्या चुलत्याने मारलेली," ते म्हणाले. विषय संपला. इतका स्वच्छ खुलासा मी त्यानंतर सरकारी कचेरीतही ऐकला नाही.

आणि मी लिहिलं. हे मी लपवणार नाही, कारण बाड उघडलं की अक्षर कुणाचं ते कळतंच. चावडीत दहा माणसं बसली होती, पाटील दौत पुढे सरकवत होते, आणि मी स्वतःला सांगितलं, की आत्ता लिहून टाकू, मग यावर पत्रक काढू. पत्रक काढता यावं म्हणून अन्याय आधी नीट लिहून घेणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी. 'या साली कुस्ती झाली नाही.' बाळबोधीत, ठळक, रेघ मारून.

संध्याकाळी कुंभाराच्या घरी गेलो. त्याची बायको भट्टी लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

"यावं लेखणीवाले," कुंभार म्हणाला. "अक्षर चांगलं हाय म्हंत्यात तुमचं."

मी म्हणालो, "वहिनी, मी हे मिटू देणार नाही. पत्रक काढतो."

"काढा," ती म्हणाली. "त्याच्यात येक ईचारा. अधिकात मडकं फुटलं तर ते फुटलं का न्हाई? माजा धाकटा अधिकातच झाला. त्याला उठवून इचारू का, बाबा तू हायस का न्हाईस?"

माझ्या साऱ्या पत्रकात चांगली वाक्यं तीच दोन निघाली. बाकीची माझी होती.

पत्रकाच्या हाताने नकला केल्या. एक देवळाच्या खांबाला, एक सिरसाळ्याच्या बाजारात, एक तेलगावच्या वेशीवर. आठवडा झाला नाही तोच तहसिलीतून बोलावणं आलं. कुस्तीबद्दल नाही. विनापरवाना कागद चिकटवल्याबद्दल. पेशकार शांत माणूस होता. त्याने माझं पत्रक उलटं धरून पाहिलं, मग सुलटं, आणि विचारलं की यात काय लिहिलंय. मी सांगितलं, गाव म्हणतं कुस्ती झाली नाही. तो चकित झाला. उठून कपाटातून फाइल काढली. तिच्यात माझा अर्ज होता, त्यांचा हुकूम होता आणि बंदोबस्ताच्या हवालदाराचा एका ओळीचा अहवाल होता: कुस्ती झाली, अमन राहिला.

मला इतका आनंद झाला की मी सरकारचे आभार मानणार होतो. ज्या सरकारविरुद्ध मी दोन वर्षं लिहीत होतो, खरं काय ते त्याच्याच कपाटात सापडलं.

"याची नक्कल मिळेल?"

"सरकारी कागज है."

"निदान जिंकलं कोण ते लिहिलंय का?"

पेशकाराने पुन्हा वाचलं. "ते कशाला लिहायचं? दंगा झाला नाही, एवढं पुरे." मग तो जवळ जवळ मायेने म्हणाला, "बेटा, अर्ज करताना महिना नीट लिहीत जा." आणि पुन्हा असं करणार नाही म्हणून माझी सही घेतली.

म्हणजे हिशेब असा राहिला. सरकारी कागदात कुस्ती आहे, पण जिंकणारा नाही. गावाच्या बाडात कुस्तीच नाही. दोन्हीकडचे कागद माझ्याच अक्षरातून निघालेले.

निज पंचमीची इजाजत नव्हती, म्हणून त्या दिवशी आखाडा रिकामाच राहिला. पुढल्या साली श्रावण एकच होता. पंचमीला दहा दिवस असताना पाटलांचा माणूस कुंभाराकडे आला, माती मळायची म्हणून. मी तिथेच होतो. कुंभाराने विचारलं, "माजं नाव वाचणार?"

"न्हाई बाबा. तसं काई सांगितलं न्हाई."

"मंग माती तुमची तुमी मळा. कुस्ती झालीच न्हाई तर मातीची काय गरज पडतीया."

गावाने मळली. आठ दिवसांचं काम दोन दिवसांत, भाड्याच्या माणसांकडून. डोंगराकडे जायचा कंटाळा म्हणून निम्मी माती ओढ्याकाठची घातली आणि ती मऊ होत नाही म्हणून तेल ओतलं. नागपंचमीच्या दिवशी त्या आखाड्यात उतरलेले पैलवान एकमेकांना धरायच्या आधीच आडवे झाले. एका जोडीत दोघेही एकाच वेळी पडले आणि पंच मातीत घुसला तो गुडघ्यापर्यंत. पाटलांचा भाचा शेवटची कुस्ती जिंकला, पण त्याला बाहेर काढायला चार माणसं लागली. त्या सालची ओळ माझ्या हाताची नाही. मला आता कुणी दौत देत नाही. पण वाचताना ऐकली आहे: 'या साली कुस्त्या फार उत्तम झाल्या.'

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी भाचा कुंभाराच्या अंगणात आला. अंगावर चिखल वाळून भेगा पडलेला, नुकता लिंपलेला कणगा दिसावा तसा. वहिनींनी पाण्याचा डेरा पुढे केला. त्याने हात-तोंड धुतलं आणि म्हणाला, "गेल्या साली मी पडलोतो. मला ठाव हाय."

"मंग चावडीत सांगा की पैलवान," वहिनी म्हणाल्या.

त्याने डेऱ्याच्या काठावरून बोट फिरवलं. "मामा असत्यात तिथं," म्हणाला.

कुंभाराने त्याला तांब्या भरून दिला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. असता तर मला बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुमी यकटे न्हाई पैलवान. पाच गावचं मानूस हुतं तितं. समद्यांचे मामा बसलेत चावडीत."

तेव्हापासून आणखी दोन पंचम्या झाल्या. आखाड्याची माती अजून भाड्याचीच आहे. मी आणखी तीन पत्रकं काढली. पाटलांनी तिन्ही वाचली आणि शुद्धलेखनाचं कौतुक केलं. बाडात खाडाखोड चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. बैल खोडता येत नाही आणि कुंभार घालता येत नाही.

पण बाड वाचतात मोठ्याने, आणि वाचणारा प्रत्येक ओळीनंतर थांबतो, त्या ओळीचा माणूस उठून आत यावा म्हणून. 'या साली कुस्ती झाली नाही' या ओळीनंतरही तो सवयीने थांबतो. तेवढ्या थांबण्यात कुणीच उठत नाही. कुंभार बाहेर उभा असतो, हाताची घडी घालून. गेल्या पंचमीला मी उठलो होतो. पाटील म्हणाले, "बस. तुझ्याच हातची ओळ हाय." लोक हसले, आणि मी बसलो, कारण ते खरं होतं. माझ्या शब्दाला तिथे आता वजन नाही. ते मी स्वतः दौतीत बुडवलं.

तुमच्या शब्दाला आहे. तुम्ही त्या दिवशी बाजारातून परत येत होता. सिरसाळ्याचे असाल, तेलगावचे असाल, घोंगड्यांवर बसलेले तलवाड्याचे असाल. दोन्ही खांदे मातीला लागलेले तुम्ही पाहिले, शीळ तुम्ही ऐकली, आणि आपल्या गावी जाऊन हे चार जणांना सांगितलंही. येत्या पंचमीला आमच्या गावी या. पुढे बसा. ती ओळ वाचून वाचणारा थांबेल, तेव्हा कुणाच्याही मामाकडे न बघता उठून उभे राहा आणि मोठ्याने म्हणा: कुस्ती झाली. कुंभाराने मारली. मग दोरी वर धरा, आणि तो आत जाईपर्यंत खाली सोडू नका.